आंबुली

आंबुली : (लॅ. लिम्नोफिला, कुल–प्लँटॅजिनेसी). गोड्या पाण्यात, भातखाचरांत व पाणथळ जागी वाढणाऱ्या काही लहान ओषधींचे हे मराठी नाव आहे. लिम्नोफिला ह्या वंशात सु. ४० जाती असून त्यांचा प्रसार आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया ह्या खंडांच्या उष्ण प्रदेशांत आहे. जुन्या वर्गीकरणात हा वंश नीरब्राह्मी कुलात समाविष्ट होता. अलीकडील आनुवंशिक पुराव्यांनुसार त्याची गणना इसबगोलाच्या कुलात केली जाते. भारतात आढळणाऱ्या जातींपैकी लिम्नोफिला इंडिका, लि. हेटेरोफिला, लि. सेसिलिफ्लोरा आणि दक्षिण भारत व श्रीलंका येथील मोठी जाती लि. ॲक्वॅटिका ह्या जलजीवालयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. नावातील साम्यामुळे आंबुशीशी हिची गल्लत होते. परंतु आंबुशी ही ऑक्सॅलिस वंशातील, तीन दलांच्या पानांची, जमिनीवर पसरणारी व चवीला आंबट अशी निराळीच वनस्पती होय.

काचेच्या टाकीत लावल्या जाणाऱ्या जलवनस्पतींत काहींची पाने बुंध्यापासून झुबक्याने येतात, काही आडव्या मूलक्षोडावर वाढतात, तर काहींचे खोड उभे वाढून त्याच्या पेऱ्यापेऱ्यांवर पाने येतात. ह्या तिसऱ्या प्रकारच्या वनस्पतींची अभिवृद्धी खोडाचे तुकडे लावून सहज होते. आंबुली ही त्यांपैकी बहुधा सर्वांत परिचित व नवशिक्यास सर्वांत कमी निराश करणारी वनस्पती आहे. कोकणच्या सखल पट्टीत, म्हणजे पालघर, बोईसर व तारापूरच्या परिसरात, ती बाहेरून आणलेली शोभेची वनस्पती नसून पावसाळी शिवारातील एक तण आहे. तिच्या निगेचे बहुतेक नियम त्या शिवारातील तिच्या जीवनक्रमातूनच निघतात.

नावाचा इतिहास : मलबारातील डच प्रशासक हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी सिद्ध केलेला हॉर्टुस मलबारिकुस हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या रचनेत इट्टी अच्युदन ह्या मलयाळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या कोकणी वैद्यांचे साहाय्य झाले होते आणि ग्रंथातील अनेक आकृत्यांवर वनस्पतींची कोकणी नावे नागरी लिपीत कोरलेली आहेत. त्यात ‘मांगानारी’ ह्या मलयाळम् नावाखाली आलेल्या एका सुगंधी पाणवनस्पतीच्या आधारे फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८३ मध्ये ‘अँब्युलिया’ हा वंश स्थापिला. हे वंशनाम म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील ‘आंबुली’ ह्या नावाचेच लॅटिन रूप होय. ‘मांगा’ व ‘आंबा’ ह्या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असल्याने, चुरडलेल्या पानांना येणाऱ्या कैरीसारख्या वासावरून दोन्ही नावे पडली असावीत. पुढे रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये दिलेले लिम्नोफिला हे नाव (ग्रीक लिम्ने म्हणजे तळे व फिलोस म्हणजे प्रिय मानणारा) शास्त्रीय व्यवहारात राखून ठेवण्यात आले व लामार्क यांचे नाव मागे पडले. शोभिवंत माशांच्या व्यापाराने मात्र ते सोडले नाही. परदेशांतील जलजीवालयांत ही वनस्पती अद्यापि अँब्युलिया म्हणूनच ओळखली जाते आणि मुंबईहून पालघर-बोईसरकडे येणाऱ्या जुड्याही त्याच नावाने विकल्या जातात. ज्याच्या बांधाखाली ती फुकट उगवते त्याच्याच भाषेतील नाव त्याला असे परके होऊन परत मिळाले आहे.

शारीरिक लक्षणे : आंबुलीचे खोड नाजूक, पोकळ्यांनी युक्त व गोलसर असते. आतील हवेच्या पोकळ्यांमुळे ते पाण्यात उभे राहते. पाण्याबाहेर काढल्यास बुडीत फांद्या लुळ्या पडतात. पेऱ्यांवर आगंतुक मुळे फुटतात. बुडीत पाने मंडलित, म्हणजे एका पेऱ्याभोवती सहा ते बारा अशी येतात आणि ती केसासारख्या बारीक खंडांत विभागलेली असतात. वरून पाहिल्यास प्रत्येक मंडल हिरव्या चक्राप्रमाणे दिसते. लि. ॲक्वॅटिकामध्ये ह्या चक्राचा व्यास १० सेंमी.पेक्षाही अधिक होऊ शकतो, लि. सेसिलिफ्लोरामध्ये तो बराच कमी असतो. पाण्याबाहेर आलेल्या भागावरील पाने मात्र अखंड, लांबट, दातेरी कडांची व जाडसर असतात. एकाच खोडावर अशी दोन परस्परांशी न जुळणारी पाने पाहून ती दोन भिन्न झाडे असावीत असा समज होणे स्वाभाविक आहे. फुले लहान, नळीसारखी, द्व्योष्ठक, पांढरट ते फिकट जांभळी असून पानांच्या बगलेत पाण्याबाहेरच्या भागावर येतात. केसरदले चार. फळ (बोंड) लहान व बिया पुष्कळ असतात. लि. सेसिलिफ्लोराची फुले जवळजवळ बिनदेठाची असतात, तर लि. इंडिकाच्या फुलांना स्पष्ट देठ असतो. फुले नसताना ह्या दोन जाती ओळखणे तज्ज्ञांसही अवघड जाते व व्यापारात त्यांची सरमिसळ नेहमीची आहे. ह्या वंशाची सर्वंकष पुनर्मांडणी डी. फिलकॉक्स यांनी १९७० मध्ये केली.

बुडीत पाने बारीक खंडांत विभागलेली असण्याचे कारण पाण्याच्या गुणधर्मात आहे. कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेपेक्षा पाण्यात हजारो पटींनी सावकाश पसरतो. तो मिळविण्यासाठी पानाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने जितका मोठा तितके बरे. शिवाय अशा पानांतून वाहते पाणी निघून जाते व ती फाटत नाहीत. पाण्याबाहेर येताच अडचण उलट होते : वायू मुबलक मिळतो, पण पाणी बाष्परूपाने निघून जाते; म्हणून तेथे जाड व अखंड पान उपयोगी पडते. हा बदल कोणत्या आंतरिक संकेताने होतो यासंबंधी दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम व एस. राव यांनी लि. इंडिकावर केलेले प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यात बुडवून वाढविलेल्या प्ररोहांना ॲब्सिसिक अम्ल हे वनस्पति-हॉर्मोन दिले असता ते प्ररोह बुडलेलेच असूनही त्यांना हवाई पद्धतीची पाने आली व अकाली फुलेही धरली. टंचाईच्या वेळी वनस्पतीच्या शरीरात वाढणारे हे द्रव्य ‘पाणी आटत आहे, आता फुलून घ्यावे’ अशा संदेशाचे काम करते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पालघर परिसरातील वास्तव्य : ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पश्चिमेस खाड्यांनी तुटलेली किनारपट्टी, मध्ये भाताची सखल जमीन व पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग अशी त्याची रचना आहे. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. जून-जुलैत राबावरील रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावणी (ह्या भागात आवणी) होते, त्याच सुमारास मातीत पडून राहिलेले आंबुलीचे बी उगवते. खाचरात बोटभर ते वीतभर पाणी साचले की कोवळे झाड बुडीत पानांवर वाढते. भात उंच होऊन सावली दाटली की त्याचे कांडे लांबते. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरल्यावर ते चिखलात पाय रोवून हवाई पाने काढते, फुलते, बी टाकते आणि माघ-फाल्गुनात वाळून जाते. ज्या तळ्यांत, ओहोळांच्या डोहांत पाणी उन्हाळ्यातही टिकते तेथे तेच झाड वर्षानुवर्षे बुडीत अवस्थेत राहू शकते. शेतकरी बेणणीच्या वेळी इतर तणांबरोबर आंबुलीही उपटून बांधावर टाकतो.

म्हणजे आंबुली ही खरी जलचर नव्हे व खरी स्थलचरही नव्हे. उथळ, मऊ, सावकाश बदलणारे पाणी, खाली चिखलाचा पोषक थर, वर मोकळे आकाश आणि ठराविक काळानंतर येणारी कोरड, एवढ्या सामग्रीत तिचे वर्ष पार पडते. टाकीत ह्यांपैकी कोरड सोडून बाकी सर्व द्यावे लागते.

जलजीवालयातील लागवड : पाण्यातील वनस्पती व मासे परस्परांस पोषक ठरतात हे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये लंडन येथे व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती व सोनमासे एकत्र ठेवून दाखविले, घरगुती जलजीवालयाची प्रथा तेथून रूढ झाली. महाराष्ट्रात ह्या छंदाचा प्रसार होण्यास मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय (स्थापना १९५१) बरेच कारणीभूत झाले. (त्याचे नाव देणगीदारांच्या आडनावावरून पडले; ते आडनाव मात्र ह्याच लेखातील तारापूर गावाचे.)

टाकीची उंची ३० ते ४५ सेंमी. असावी, त्यापेक्षा खोल टाकीत प्रकाश तळापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. तळाशी चाळून घेतलेल्या शेतातील किंवा बागेतील मातीचा २–३ सेंमी. जाडीचा थर व त्यावर धुतलेल्या जाड वाळूचा ४–५ सेंमी. थर द्यावा. ही वाळू नदीची असावी. केळवे, शिरगाव, चिंचणी येथील समुद्रकाठची वाळू जवळ व विनाखर्च मिळते, परंतु तिच्यात शिंपल्यांचा चुरा व मीठ असते. चुरा हळूहळू विरघळून पाणी जड करतो. संशय असल्यास मूठभर वाळूवर लिंबू पिळावे. फेस आल्यास ती वाळू टाकीच्या कामाची नाही.

पाण्याचा प्रश्न ह्या भागात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. वैतरणेची उपनदी सूर्या हिच्यावरील धामणी धरणाचे पाणी पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातील वस्तीस व उद्योगांस पुरविले जाते. धरणात साठलेले हे पावसाचे पाणी आंबुलीस सामान्यतः मानवते. किनाऱ्याजवळच्या कूपनलिकांचे पाणी मात्र बहुधा जड व अनेक ठिकाणी खारट असते. साबणाचा फेस ज्यात नीट होत नाही अशा पाण्यात आंबुली मरत नाही, पण वाढ खुंटते व शेंडे वेडेवाकडे होतात. अशा ठिकाणी पावसाळ्यात पन्हळीचे पाणी (पहिल्या आठ-दहा सरींनंतरचे) साठवून निम्मे निम्मे मिसळावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याने बराचसा निघून जातो. घाईच्या वेळी सोडियम थायोसल्फेटाचे म्हणजे दुकानात ‘हायपो’ ह्या नावाने मिळणारे खडे अल्प प्रमाणात वापरतात. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होऊन जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन व तुरटी अधिक वापरली जात असल्यामुळे त्या महिन्यांत ही काळजी जास्त घ्यावी लागते. पाण्याचे तापमान २२° ते २८° से. उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत बंद सदनिकेतील टाकी ३०° से.च्या वर जाते; तेव्हा झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे टाकण्याची रीत माशांस व वनस्पतीस दोघांसही घातक आहे.

लावणीसाठी १०–१५ सेंमी. लांबीचे शेंड्याचे तुकडे घ्यावेत. बाजारातून आणलेली जुडी बहुधा शिशाच्या किंवा तत्सम मऊ धातूच्या पट्टीने बांधलेली असते. ती सोडून चेचलेला भाग कापून टाकावा, अन्यथा कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. गोगलगाईंची अंडी व शैवल यांच्या बंदोबस्तासाठी तुकडे पोटॅशियम परमँगनेटाच्या फिकट गुलाबी द्रावात सु. दहा मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्यात धुतात. खालच्या दोन-तीन पेऱ्यांची पाने काढून तेवढा भाग चिमट्याने तिरका खोचावा. प्रत्येक तुकड्यात ३–४ सेंमी. अंतर ठेवावे, जुडीच्या जुडी एका खड्ड्यात रोवल्यास मधल्या खोडांस उजेड मिळत नाही. भाताची आवणी जी दक्षता घेऊन करतात तीच येथे हवी. आठ-दहा दिवसांत पेऱ्यांतून पांढरी मुळे फुटतात.

नवशिक्यांची सर्वाधिक निराशा पहिल्या पंधरवड्यात होते. रोपवाटिकांत आंबुली पुष्कळदा दमट हवेत, पाण्याबाहेर वाढवितात, कारण तेथे ती जलद वाढते व शैवल धरत नाही. असे झाड टाकीत बुडविले की त्याची जाड हवाई पाने पिवळी पडून विरघळतात. झाड मेले असे समजून ते उपटून टाकण्याची चूक येथे होते. वस्तुतः तो पावसाळ्याच्या आरंभीचाच प्रकार आहे : पाणी चढले, जुनी पाने गेली, शेंड्याकडून बारीक खंडांची नवी पाने येऊ लागली. गळालेली पाने रोज काढून टाकावीत व शेंडा हिरवा असेपर्यंत झाडास हात लावू नये.

प्रकाश रोज ८ ते १० तास पुरतो. खिडकीतील थेट उन्हापेक्षा ठराविक वेळ चालणारा दिवा बरा, कारण उन्हाने पाणी तापते व शैवल माजते. प्रकाश कमी पडल्यास कांडी लांबतात, खालची पाने गळतात व शेंडे उजेडाच्या दिशेने धावतात; भाताच्या सावलीतील आंबुलीचीही हीच अवस्था असते. प्रकाश भरपूर असल्यास चक्रे एकमेकांस चिकटून येतात व शेंड्यांवर तांबूस छटा उमटते. प्रकाशाबरोबर अन्न व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाणही वाढवावे लागते, हे पुष्कळदा विसरले जाते. दिव्याची शक्ती दुप्पट केली व बाकी काही बदलले नाही, तर वाढ आंबुलीची न होता शैवलाची होते. बाटलीत साखरेचे पाणी व यीस्ट घालून त्यातून निघणारा वायू नळीने टाकीत सोडणे ही घरगुती युक्ती स्वस्त आहे, पण वायूचे प्रमाण एकसारखे राहत नाही. सिलिंडरची सोय महाग पण खात्रीची. आंबुलीस ह्यांपैकी काहीही अत्यावश्यक नाही. मध्यम प्रकाश, माती व मोजके मासे एवढ्यावर ती बऱ्यापैकी वाढते. माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात, पोटॅशियम व लोह मात्र कमी पडू शकते.

झाड काय मागते हे त्याच्या पानांवरून कळते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी आहे. वनस्पती तो जुन्या पानांतून काढून नव्यांकडे नेते. शेंडा फिकट, जवळजवळ पांढरट झाला व खालची पाने हिरवीच राहिली तर लोह कमी आहे, कारण लोह असे हलविता येत नाही. खालची पाने काळपट होऊन गळत असतील तर बहुतेक वेळा दाट वाढीमुळे तेथे उजेड पोहोचत नाही. त्यावर खत हा उपाय नसून कात्री हा आहे.

आंबुली जोमात असताना शेंडे दोन-तीन आठवड्यांत पृष्ठभागास टेकतात व आडवे पसरून खाली अंधार करतात. तेव्हा खोड मध्यावर, पेऱ्याच्या थोडे वर कापावे. खालच्या खोडावर पेऱ्याच्या बगलेतून बहुधा दोन फांद्या फुटतात व झुडूप दाट होते. कापलेला शेंडा पुन्हा लावता येतो. तीन-चार वेळा कापलेले जुने बुंधे निस्तेज होतात. ते उपटून त्या जागी शेंडे लावावेत. जुन्या मत्स्यालयविषयक ग्रंथांत लि. इंडिकाच्या छाटलेल्या खोडांतून निघणारा रस माशांना अपायकारक असल्याचे सांगितलेले आढळते. ह्या वनस्पतीच्या रसाला टर्पेंटाइनसारखा उग्र वास असतो हे खरे आहे. मोठी छाटणी केल्यावर तुकडे लगेच बाहेर काढून एक-तृतीयांश पाणी बदलणे ही साधी खबरदारी त्यासाठी पुरेशी ठरते.

सोनमासे आंबुलीची कोवळी पाने खातात व मुळे उकरतात. त्यांच्याबरोबर ती टिकत नाही. गप्पी, टेट्रा व लहान बार्ब यांच्यासोबत ती निर्धास्त राहते. उघड्यावरील सिमेंटच्या टाकीत किंवा दगडी डोणीत ती लावावयाची असल्यास कोकणातील ओहोळांत व तळ्यांत सापडणारा अप्लोकायलस लिनिएटस हा डासांच्या अळ्या खाणारा लहान मासा सोबतीस योग्य आहे. अशा टाकीत पाणी थोडे उतरू दिल्यास शेंडे वर येऊन फुलतातही. बंद काचेच्या टाकीत हे दृश्य क्वचितच दिसते.

उपयोग : चुरडलेल्या पानांचा रस तापात अंगास चोळण्याची व आले-जिरे यांबरोबर आमांशावर देण्याची पद्धती देशी वैद्यकात नमूद आहे. लि. ॲरोमॅटिका ही जाती व्हिएतनाममध्ये आंबट मासळीच्या रश्शात घालतात. १९७५ नंतर तेथून बाहेर पडलेल्या कुटुंबांबरोबर ती अमेरिकेतही गेली.

तण म्हणून प्रसार : ज्या गुणांमुळे आंबुली टाकीत सोपी जाते त्याच गुणांमुळे ती परक्या पाण्यात उपद्रवी होते. मोडलेल्या खोडाचा एक पेरही नवे झाड होण्यास पुरतो. लि. सेसिलिफ्लोरा ही जाती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः फ्लॉरिडामध्ये, कालव्यांत व तळ्यांत माजली असून तेथील संघराज्य शासनाच्या उपद्रवी तणांच्या यादीत तिचा समावेश आहे. लुइझिॲना राज्यात तर लि. इंडिका व लि. सेसिलिफ्लोरा यांचा संकरही आढळला. जपानच्या भातशेतीत सल्फोनिलयुरिया गटातील तणनाशकांना दाद न देणारी आंबुली निर्माण झालेली आहे.

भारतातही धोका आहे, पण तो बहुधा उलट दिशेने येतो. आंबुलीसारखीच दिसणारी, अमेरिकेतून आलेली कॅबोम्बा टाक्यांतून बाहेर पडून केरळच्या पाणथळ भागांत पसरली. कोझिकोडे जिल्ह्यातील आवळपांडी येथे २०२० मध्ये तिच्या गुलाबी फुलांनी कालवा भरला, तेव्हा ते पाहावयास लोकांची गर्दी झाली. त्या शोभेखाली स्थानिक पाणवनस्पती मात्र दबल्या होत्या. कॅबोम्बाची पाने पेऱ्यावर बहुधा समोरासमोर असून त्यांना स्पष्ट देठ असतो, आंबुलीची चक्राने असतात. एवढा फरक ध्यानात ठेवल्यास खरेदीच्या वेळी फसगत होत नाही. बाजारातून आणलेल्या आंबुलीसही नि:शंकपणे देशी मानता येत नाही. तिचे कूळ कोणत्या देशातील रोपवाटिकेचे, ती शुद्ध जातीची की संकरित, हे विक्रेत्यासही ठाऊक नसते. त्यामुळे छाटलेले तुकडे ओढ्यात, तळ्यात किंवा गणेशविसर्जनाच्या घाटावर सोडू नयेत. ते उन्हात कडकडीत वाळवून झाडांच्या बुंध्याशी खत म्हणून घालणे इष्ट.

परिसरातील पाण्याची अवस्था : तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले व त्यानंतरच्या काळात बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे मोठे क्षेत्र उभे राहिले. रसायने, औषधी द्रव्ये, रंग, कापड व पोलाद यांचे कारखाने तेथे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ मधील मूल्यांकनात तारापूर क्षेत्राचा पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक, भरला. सांडपाण्यामुळे खाड्यांतील मासेमारीची हानी होते ह्या तक्रारीवरून किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे २०१६ मध्ये दाद मागितली होती. खाडीच्या खाऱ्या पाण्यात आंबुली वाढतच नाही. परंतु नाल्यांच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या टप्प्यात तिची जी डबकी होती त्यांचे भवितव्य त्या नाल्यांशी बांधलेले आहे. याशिवाय जेथे खाचराची जमीन इमारतींखाली किंवा गोदामांखाली जाते, तेथे आंबुलीचे मातीतील बियाणेही भरावाखाली कायमचे गाडले जाते. तणाचा नाश झाल्याबद्दल कोणी हळहळत नाही, म्हणून ह्या घटीची नोंदही सहसा होत नाही.

टाकीसाठी स्थानिक आंबुली आणावयाची असल्यास औद्योगिक क्षेत्राच्या नाल्यांपासून व महामार्गालगतच्या डबक्यांपासून दूरचे, तणनाशक न फवारलेले खाचर निवडावे. अनेक जलवनस्पती जड धातू आपल्या शरीरात साठवितात. अशा पाण्यातील झाड दिसावयास टवटवीत असले तरी घरातील माशांस बाधक ठरू शकते. श्रावण-भाद्रपदातील बेणणीचा काळ त्यासाठी योग्य होय. शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याने उपटलेल्या तणातूनच दहा-बारा शेंडे निवडता येतात. आणलेले शेंडे दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून, त्यांबरोबर आलेल्या चतुराच्या अळ्या व जळवा काढून टाकून, मग टाकीत लावतात. चतुराच्या अळ्या लहान माशांना मारून खातात, त्यामुळे ही पायरी वगळणे योग्य नव्हे.

उन्हाळ्यात टाकी सांभाळणे शक्य नसल्यास एका कुंडीत खाचराचा चिखल भरून त्यात काही शेंडे लावावेत व आश्विनापासून पाणी हळूहळू कमी करावे. झाड हवाई पाने काढून फुलते, बोंडे पिकून चिखलात झडतात. वरचे वाळलेले झाड कापून कुंडी सावलीत कोरडी ठेवावी. मृगाच्या सुमारास त्या मातीवर चार बोटे पावसाचे पाणी राहील असे पाहिल्यास नवी रोपे उगवतात.